ज्योतीविना धग

तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला, तेव्हा त्यामागे कोणी मोठा भांडवलदार नव्हता की सरकारचा टेकू नव्हता. प्रत्येकाने राष्ट्रकार्यासाठी वर्षाला एक पैसा द्यावा, एवढीच मागणी घेऊन अंताजी दामोदर काळे गावोगाव हिंडले. लोकमान्य टिळकांनी या कल्पनेमागे आपले वजन उभे केले आणि पैशापैशाने जमलेल्या त्या निधीतून मावळच्या माळावर काचेची भट्टी पेटली. त्या काळी आपल्याकडील सुवासिनींच्या हातांतील काचेच्या बांगड्याही ऑस्ट्रियासारख्या परदेशांतून येत असत, हे आज सांगूनही कोणाला खरे वाटणार नाही. जपान आणि अमेरिकेत काचविद्या शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी कारखान्याची तांत्रिक धुरा वाहिली. तो केवळ कारखाना नव्हता, ती काचविद्येची शाळाही होती आणि तेथे शिकलेली माणसे पुढे देशभरातील काच कारखान्यांत पसरली. त्याच तळेगावात प्रा. विष्णु गोविंद विजापूरकरांचे समर्थ विद्यालय राष्ट्रीय शिक्षणाचा प्रयोग करीत होते. इंग्रज सरकारने ते बंद पाडले. भट्टी मात्र पेटती राहिली.

या इतिहासाचे स्मरण करताना एक गोष्ट बहुधा सुटून जाते. स्वदेशीची आपली चर्चा वस्तूपाशी थांबते. वस्तू कोठे बनली, कोणी बनवली, नफा कोणाच्या खिशात गेला, हे विचारले जाते. ती ज्या धगीत घडली ती धग कोठून आली आणि त्यातली किती वाया गेली, हे सहसा कोणी विचारत नाही. वास्तविक काच, पोलाद, ॲल्युमिनियम, चिनी माती या साऱ्या उद्योगांचे हृदय म्हणजे भट्टी. तिचे इंधन परक्याचे असेल आणि त्यातले निम्मे धुरांड्यातून आकाशात जात असेल, तर बाहेर पडणाऱ्या मालावर ‘भारतात निर्मित’ असा शिक्का मारून मिळणारे समाधान अर्धेच म्हटले पाहिजे.

आजचा मावळ काचेच्या एका भट्टीचा उरलेला नाही. तळेगाव, उर्से, टाकवे आणि लगतच्या खेड तालुक्यातील चाकण हा सारा पट्टा वाहनउद्योगाचा झाला आहे. मोठ्या कंपन्यांची नावे महामार्गावरून दिसतात. पण त्यांना सुटे भाग पुरवणारे लहान कारखाने आतल्या रस्त्यांवर असतात आणि भट्ट्या मुख्यतः तेथेच पेटतात. कोठे लोखंडाची कांब लालभडक तापवून घणाखाली घडवली जाते, कोठे घडलेल्या भागाला पाणी दिले जाते, कोठे ॲल्युमिनियम वितळते. काही ठिकाणी विजेच्या इंडक्शन भट्ट्या आल्या. परंतु तेलावर आणि वायूवर चालणाऱ्या भट्ट्या अजून पुष्कळ आहेत. फर्नेस ऑइल हे खनिज तेलाच्या शुद्धीकरणात उरणारे जड, गंधकयुक्त तेल. आपल्या देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आयात होते. २००६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडने या परिसरात नळाने वायू आणला, ही स्वागतार्ह गोष्ट खरी. पण देशात वापरल्या जाणाऱ्या नैसर्गिक वायूपैकीही सुमारे निम्मा परदेशातून जहाजाने येतो.

ही झाली आयातीची बाजू. दुसरी बाजू उधळपट्टीची आहे, आणि तिच्यासाठी कोणत्याही परकी सत्तेला दोष देता येणार नाही. भट्टीतील काम १००० ते १२०० अंश सेल्सिअसला चालते, म्हणून बाहेर पडणारा धूरही तितकाच तापलेला असतो. ती उष्णता परत पकडण्याची सोय नसेल, तर इंधनातील निम्म्याहून अधिक उष्णता धुराबरोबर निघून जाते. शंभर रुपयांच्या तेलातील पन्नास-पंचावन्न रुपये आकाश तापवण्यात खर्च होतात. यावरचा उपाय नवा नाही. जाणाऱ्या धुराच्या उष्णतेने येणारी हवा तापवून घ्यावी, म्हणजे तेवढे इंधन वाचते. फ्रीड्रिख सीमेन्स या जर्मन अभियंत्याने १८५६ मध्ये हे तत्त्व वापरणारी भट्टी काढली आणि काच व पोलाद या दोन्ही उद्योगांचा कायापालट झाला.

मग हा उपाय सर्वत्र का नाही? एक कारण अर्थातच खर्चाचे. दुसरे मात्र शास्त्रीय आहे आणि तेच या विषयाचे मर्म आहे. गरम हवेत इंधन जाळले की ज्योत अधिक प्रखर होते. हवेत चार पंचमांश नत्रवायू असतो. एरवी तो स्वस्थ असतो. परंतु ज्योतीतील तापमान सुमारे १५०० अंशांपलीकडे गेले की प्राणवायूशी त्याचा संयोग झपाट्याने होऊ लागतो आणि नत्राची विषारी ऑक्साइडे तयार होतात. ही प्रक्रिया रशियन शास्त्रज्ञ याकोव झेल्डोविच यांनी १९४० च्या दशकात उलगडली. ही ऑक्साइडे श्वसनमार्गाला जाचतात, पावसाला आम्ल करतात आणि उन्हात जमिनीलगत ओझोन निर्माण करतात. म्हणजे इंधन वाचवावे तर हवा बिघडते आणि हवा राखावी तर इंधन जळते, असा पेच दीर्घकाळ भट्टीवाल्यांच्या मानगुटीवर बसला होता.

तो पेच सुटला तो अनपेक्षितपणे. १९८९ मध्ये जर्मनीत योआखिम व्युनिंग हे अभियंते सुमारे १००० अंश तापलेल्या भट्टीत, ६५० अंशांपर्यंत तापवलेली हवा देऊन ज्वलक तपासत होते. एका विशिष्ट मांडणीत ज्योत दिसेनाशी झाली, तिचा घोंघाटही थांबला. वस्तुतः ज्वलक विझला असेच कोणालाही वाटावे. पण इंधन पूर्ण जळत होते, भट्टी तापलेली होती आणि धुरातील नत्राच्या ऑक्साइडांचे प्रमाण जवळजवळ शून्यावर आले होते. ज्योतीविना ज्वलन ते हेच. त्याच सुमारास जपानमध्येही अतितप्त हवेच्या ज्वलनावर काम चालू होते. १९९० च्या दशकात तेथील सरकारी यंत्रणेने भट्टी बनवणाऱ्या कंपन्यांना सोबत घेऊन, ऊर्जेचा वापर ३० टक्क्यांनी घटवण्याचे लक्ष्य ठेवून मोठा राष्ट्रीय प्रकल्प राबवला. प्रत्येक नव्या शोधाचे मूळ आपल्या पोथ्यांत शोधण्याचा ज्यांना छंद आहे, त्यांनी येथे जरा थांबावे. हा शोध परक्यांचा आहे. तो समजून घेऊन आत्मसात करण्यात कमीपणा नाही. वार्ष्णेय जपानला गेले होते ते याच वृत्तीने.

हे घडते कसे? नेहमीच्या ज्वलनात इंधन आणि हवा एका पातळ पडद्यात भेटतात. तेथेच सारी उष्णता बाहेर पडते, म्हणून तो पडदा दोन हजार अंशांच्या घरात तापतो आणि झळाळतो. त्यालाच आपण ज्योत म्हणतो. ज्योतीविना ज्वलनात हवा व इंधन यांचे झोत स्वतंत्रपणे आणि अत्यंत वेगाने भट्टीत सोडले जातात. हे झोत वाटेत भट्टीतील जळून गेलेले वायू आपल्याबरोबर ओढून घेतात, आणि तेही ताज्या हवेच्या तिप्पट किंवा अधिक. त्यामुळे इंधनाशी गाठ पडण्यापूर्वीच हवेतील प्राणवायू अगदी विरळ झालेला असतो. एरवी इतक्या विरळ प्राणवायूत आग टिकली नसती. परंतु भट्टीचे तापमान ८०० ते ८५० अंशांच्या वर असल्यामुळे, इंधनाला पेटण्यासाठी ज्योतीची गरजच उरत नाही. ते जेथे प्राणवायूचा कण भेटेल तेथे सावकाश जळते. पडद्याऐवजी सारी भट्टीच ज्वलनाची जागा होते, तापमान सगळीकडे जवळपास सारखे राहते आणि नत्राला चेतवणारा तो प्रखर बिंदू कोठेच उरत नाही. निखाऱ्यालाही ज्योत नसते, म्हणून ही निखाऱ्याचीच सुधारलेली आवृत्ती असे कोणी समजू नये. निखाऱ्यात घन पदार्थाचा पृष्ठभाग जळतो. येथे वायू वायूतच, डोळ्यांना न दिसता जळतो. कांबेचे एक टोक पिवळे आणि दुसरे काळपट राहण्याची घडाई कारखान्यांतील जुनी तक्रारही अशा समान तापमानाने कमी होते.

येथवरचा भाग परदेशातील पोलाद कारखान्यांत आता नवलाचा राहिलेला नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा भाग पुढचा आहे, आणि तो पर्यायी इंधनाचा.

पर्यायी इंधन म्हटले की आपल्याकडे उसाचे चिपाड, पाचट, शेंगांची टरफले, लाकडाचा भुसा, त्यांच्या दाबून केलेल्या कांड्या म्हणजे बाजारातला ‘पांढरा कोळसा’, शेणाचा वायू असे सारे डोळ्यांसमोर येते. मावळापुरते बोलायचे तर भाताचा तूस. आंबेमोहोराचा हा मुलूख. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेले इंद्रायणी वाण आज महाराष्ट्राच्या घराघरांत शिजते. भात गिरणीत भरडला की वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूस निघतो. हा तूस बॉयलरखाली जाळण्याचे तंत्र देशाने केव्हाच साधले आहे आणि थरमॅक्ससारख्या पुण्याच्या कंपनीचा त्यात मोठा वाटा आहे. पण बॉयलर निराळा आणि भट्टी निराळी. बॉयलरला पाण्याची वाफ करायची असते, भट्टीला लोखंड बाराशे अंशांवर न्यायचे असते. शिवाय तुसात पंधरा ते वीस टक्के राख. ती राख तापलेल्या कांबेवर किंवा वितळत्या काचेत पडून चालत नाही. (राखेत मुख्यतः सिलिका असते, आणि काच म्हणजेही मुख्यतः सिलिकाच, तळेगावच्या जुन्या काचकारागिरांना हा योगायोग गंमतीचा वाटला असता.)

म्हणून अशा इंधनाचा आधी अपुऱ्या हवेत जाळून वायू करावा लागतो. पण हा वायू दुबळा असतो. त्यातला जवळजवळ निम्मा भाग न जळणारा नत्रवायू असतो आणि एका घनमीटरमध्ये जेमतेम १००० ते १२०० किलोकॅलरी उष्णता भरते. नैसर्गिक वायूत ती आठपट असते. अशा दुबळ्या वायूची ज्योत लहरी असते. तुसाची प्रत बदलली, ओल वाढली की ती फडफडते, कधी विझते, आणि साध्या हवेत जाळल्यास घडाईला लागणारी धग नीट गाठत नाही. दोन-चार दशकांत आपल्याकडे लावलेले अनेक वायुजनित्र भंगारात का गेले, याची कारणे शोधताना इंधनपुरवठा, डांबर, देखभाल यांच्याबरोबर ज्योतीचा हा लहरीपणाही मोजला पाहिजे.

ज्योतीविना ज्वलनात ज्योतच नाही, त्यामुळे ती विझण्याची भीतीही नाही. भट्टीच्या भिंती तापलेल्या असेपर्यंत दुबळा वायूही निमूट जळतो. त्याची प्रत थोडी खालीवर झाली तरी भट्टी ते सोसून नेते. तापवलेल्या हवेमुळे कमी उष्मांकाच्या वायूलाही वरची धग गाठता येते. वायू थंड न करता गरमच भट्टीत सोडला, तर त्यातील डांबरही जळून उपयोगी पडते. राखेचे कण तेवढे गाळून घ्यावे लागतात. थोडक्यात, श्रीमंत इंधनासाठी हे तंत्र काटकसरीचे साधन आहे; गरीब इंधनासाठी ते भट्टीत प्रवेश मिळवून देणारे दार आहे.

तरीही उत्साहाला आकड्यांचा लगाम हवा. ताशी १०० लिटर फर्नेस ऑइल पिणारी मध्यम भट्टी घ्या. तिला तासाला साडेनऊ लाख किलोकॅलरीच्या आसपास उष्णता लागते. एक किलो तूस सुमारे ३२०० किलोकॅलरी देतो आणि वायू करताना त्यातील तीस टक्के गमावतो असे धरले, तर ही भट्टी ताशी सव्वाचारशे किलो तूस मागेल. तेवढा तूस मिळवायला दर तासाला दोन टनांहून अधिक भात भरडला पाहिजे. मावळच्या भातावर तळेगावची वसाहत चालेल, असे व्यासपीठावरून सांगणे सोपे आहे. पण हा ढोबळ हिशेब करून पाहिला की ती कल्पना किती भाबडी आहे ते कळते. आता हवा तापवून भट्टीची उधळपट्टी ३० टक्क्यांनी घटवली, तर हीच मागणी तीनशे किलोंवर येते. तेवढ्यानेही सर्वांना पुरणार नाही, काहींना पुरेल. म्हणजे क्रम उलटा हवा. आधी भट्टी सुधारावी, मग इंधन बदलावे. सध्याची सरकारी आणि बिनसरकारी धोरणे बहुतेक इंधनापासून सुरुवात करतात आणि भट्टी जशी आहे तशीच ठेवतात.

उदाहरणे हवीत तर दोन देता येतील. ताजमहालाच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या निकालाने फिरोजाबादच्या काचभट्ट्यांसह त्या परिसरातील उद्योगांना कोळसा सोडून नैसर्गिक वायूकडे जावे लागले. निर्णयामागचा हेतू निर्विवाद होता, पण ज्यांना वायू मिळाला नाही किंवा परवडला नाही त्यांचे हाल झाले. दुसरे उदाहरण गुजरातेतील मोरबीचे. तेथील चिनी मातीच्या कारखान्यांनीही कोळशाचा वायू सोडून नळाचा वायू घेतला. आणि २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्धामुळे जगभर वायूचे भाव भडकले, तेव्हा अनेक कारखान्यांना घाईघाईने प्रोपेनकडे वळावे लागले. प्रोपेनही मुख्यतः आयातीचाच. एका इंधनाला जखडलेली भट्टी ही अशी परस्वाधीन असते. दोन-तीन प्रकारचे वायू घेऊ शकणारी, प्रतीतला फरक सोसणारी भट्टी असती, तर मोरबीच्या कारखानदारांना सौदा करायला जागा उरली असती.

जैवभाराबाबतचे केंद्राचे धोरणही या कसोटीवर तपासावे. ऊर्जा मंत्रालयाच्या २०२१ च्या धोरणाने औष्णिक वीजकेंद्रांत कोळशाबरोबर पाच टक्के जैवभाराच्या कांड्या जाळणे बंधनकारक केले. उत्तरेत शेतात पेटवल्या जाणाऱ्या भाताच्या काडाला काही मोल यावे, हा त्यामागील विचार योग्यच आहे. परंतु वीजकेंद्रात शंभर भाग उष्णतेतून पस्तीसेक भाग वीज मिळते. सुधारलेल्या भट्टीत त्याच इंधनाचा मोठा हिस्सा थेट कामी येतो. गावाजवळचा जैवभार दूरच्या वीजकेंद्रात पाठवायचा आणि गावाजवळच्या कारखान्याने मात्र आखातातून आलेले तेल जाळायचे, या व्यवस्थेत कोणाचे हित आहे, हे विचारण्यासाठी अर्थशास्त्रज्ञ असण्याची गरज नाही.

ज्ञान आपल्याकडे नाही, अशी सबब चालणार नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सुदर्शन कुमार, पी. जे. पॉल आणि एच. एस. मुकुंदा यांनी या पद्धतीच्या, अल्प प्रदूषण करणाऱ्या ज्वलकावरील आपले संशोधन २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय ज्वलन परिषदेच्या ग्रंथात प्रसिद्ध केले. जैवभारापासून वायू करण्याच्या तंत्रातही याच संस्थेचे काम देशात अग्रगण्य आहे. सुदर्शन कुमार यांनी पुढे मुंबईच्या आयआयटीत द्रव इंधनांवर हेच काम नेले. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर १९४५ पासून नौदलाचे अभियंते व तंत्रज्ञ सागरी यंत्रविद्या शिकत आहेत. पवई ते तळेगाव हे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. तरीही प्रयोगशाळेतला ज्वलक आणि तळेगावच्या आतल्या रस्त्यावरची भट्टी यांच्यातले अंतर वीस वर्षांत फारसे मिटलेले नाही. मूळ पेटंटांची वीस वर्षांची मुदत उलटून गेली आहे, तेव्हा परकीयांनी विद्या कुलुपात ठेवली असेही म्हणता येत नाही.

दोष केवळ शास्त्रज्ञांना देणे अन्यायाचे होईल. लहान कारखानदाराची अडचण खरी आहे. त्याच्याकडे काम मोठ्या कंपनीच्या मागणीप्रमाणे येते. त्याची भट्टी रात्री विझते, सकाळी पुन्हा पेटते. ज्योतीविना ज्वलन सुरू होण्यासाठी भट्टी आधी साध्या ज्योतीने साडेआठशे अंशांवर न्यावी लागते. तेव्हा एक पाळी चालवणाऱ्याला या तंत्राचा लाभ अर्ध्या दिवसापुरताच. पोलादाला पाणी देण्याची काही कामे तर याहून कमी तापमानाला होतात आणि तेथे ते उपयोगाचेच नाही. जो विक्रेता हे तंत्र प्रत्येक भट्टीला चालते म्हणून सांगेल, त्याला दारातूनच परत पाठवावे.

याहून नाजूक प्रश्न भट्टीवरच्या माणसाचा आहे. जुना भट्टीवाला ज्योतीचा रंग पाहून हवा कमी-जास्त करतो, तिचा आवाज ऐकून ज्वलक तुंबला हे ओळखतो. ती त्याची विद्या आहे, ती त्याला कोणत्याही महाविद्यालयाने दिलेली नाही. ज्योतच दिसेनाशी झाली तर त्याने काय पाहावे? ज्योत विझल्याची सूचना देणारे नेहमीचे प्रकाशसंवेदी उपकरणही येथे आंधळे होते. भट्टीचे तापमान ठरलेल्या मर्यादेखाली गेले की इंधन आपोआप बंद करणारी यंत्रणा त्यासाठी अनिवार्य ठरते. ती नसेल तर न जळलेला वायू साचून स्फोटाचा धोका संभवतो. खर्च वाचवण्यासाठी ही यंत्रणा वगळून कोणी देशी नक्कल विकू लागला, तर एका अपघाताने हे तंत्र दहा वर्षे मागे जाईल. आणि ज्याची डोळ्यांची विद्या निकामी होणार, त्या कामगाराला नवे मोजमाप शिकवण्याचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरला पाहिजे.

आता मावळच्या मातीचा प्रश्न. पर्यायी इंधन या शब्दाला हल्ली पावित्र्याचा वास येतो, पण सह्याद्रीला त्याचा जुना अनुभव आहे. पुण्या-मुंबईच्या चुली आणि बंब ज्या कोळशावर पेटत, तो कोळसा याच डोंगरांतील झाडे तोडून पाडला जाई. कोळशाच्या भट्ट्यांवर उचल घेऊन राबणारा कातकरी वनवासी हंगामभर कुटुंबासह रानात राहत असे, आणि उचल फिटत नसे. जंगल गेले, कातकरी कर्जात राहिला, शहरांना स्वस्त धग मिळाली. उद्या भट्टीसाठी जैवभाराला भाव आला, तर त्या नावाखाली पुन्हा डोंगर उघडे होणार नाहीत याची हमी कोण देणार? तुसावर गिरणीत कोणाचा दावा नसतो, तो घ्यावा. पेंढ्याची गोष्ट वेगळी. तो मावळच्या गाई-बैलांचा उन्हाळ्याचा घास आहे. तो त्यांच्या तोंडचा काढून भट्टीत घालणारी स्वदेशी कोणत्याही शेतकऱ्याला मान्य होणार नाही.

लोणावळ्याच्या माथ्यावर यापूर्वी एकदा असा व्यवहार झालेला आहे. वळवण, लोणावळा, शिरोता येथे धरणे बांधून टाटांनी पावसाचे पाणी अडवले, ते घाटाखाली खोपोलीला सोडले आणि १९१५ मध्ये त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. कोळशाचा धूर टळला, परगावाहून कोळसा आणण्याचा खर्च वाचला. आपल्या औद्योगिक इतिहासातील हे तेजस्वी पान आहे यात शंका नाही. पण त्याच योजनांच्या पुढच्या टप्प्यात मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाऊ लागल्या, तेव्हा १९२१ पासून सत्याग्रह झाला आणि त्यातून पांडुरंग महादेव बापट हे सेनापती बापट झाले. वीज मुंबईला गेली, विस्थापन मावळ्यांच्या वंशजांच्या वाट्याला आले. पवनेच्या पाण्याच्या बंद जलवाहिनीवरून ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ महामार्गावर जे घडले, त्यात तीन शेतकऱ्यांचे प्राण गेले. या तालुक्यातून काही न्यायचे असेल, मग ते पाणी असो वा तूस, तर त्याचा भाव आधी आणि लेखी ठरला पाहिजे, हा धडा येथे रक्ताने लिहिलेला आहे.

काय करता येईल? जागतिक बँक आणि जागतिक पर्यावरण निधीच्या साहाय्याने ऊर्जा दक्षता ब्यूरो व सिडबी यांनी लघुउद्योगांतील ऊर्जाबचतीसाठी २०१० नंतर जो प्रकल्प राबवला, त्यासाठी देशातून पाच उद्योगसमूह निवडले होते. त्यांत पुण्याचा घडाई उद्योग आणि कोल्हापूरचा ओतकाम उद्योग हे दोन महाराष्ट्रातील होते. म्हणजे या भट्ट्यांची तपासणी होऊ शकते, कारखानदार दारे उघडतात, हे सिद्ध झालेले आहे. अभाव आहे तो एका चालत्या भट्टीचा, जिच्यासमोर उभे राहून कारखानदाराला तेलाचा आकडा पाहता येईल. त्याला शोधनिबंध वाचायचा नाही. शेजाऱ्याच्या भट्टीला दर टन मालामागे किती लिटर लागते, एवढेच विचारायचे आहे.

अशी एक भट्टी तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत, कारखानदारांच्या संघटनेने सामायिक मालकीची म्हणून उभारावी. ती दिवसरात्र चालेल इतके काम पाच-सहा कारखान्यांनी मिळून तिला द्यावे, म्हणजे रात्री विझण्याची अडचण उरत नाही. सुरुवातीचे सहा महिने ती नळाच्या वायूवरच चालवावी आणि फक्त हवा तापवण्याचा लाभ मोजावा. त्यानंतर तुसाचा वायू थोडा थोडा मिसळत न्यावा. आयआयटीच्या विद्यार्थ्यांनी मोजमापे घ्यावीत, परिसरातील आयटीआयच्या मुलांनी तेथे उमेदवारी करावी, आणि धुरातील नत्राच्या ऑक्साइडांचा आकडा प्रवेशद्वारावरच्या फलकावर रोज लिहिला जावा. औद्योगिक भट्ट्यांच्या धुरातील गंधक व नत्राच्या ऑक्साइडांवर केंद्र सरकारने २०१८ मध्ये मर्यादा घातल्या आहेत, तेव्हा हा आकडा आज ना उद्या सर्वांनाच दाखवावा लागणार आहे. तुसाचा भाव गिरणीवाले आणि भात उत्पादक यांच्याशी करार करून वर्षभरासाठी ठरवावा. पहिल्या वर्षाचा ताळेबंद मराठीत छापून तालुक्यातील प्रत्येक कारखान्यात पोचवावा. त्यात फसलेल्या महिन्यांचे आकडेही असावेत.